चौबळ आता माझ्यापेक्षा लहान आहे

पहिल्या भेटीत चौबळ बेचाळीसचे होते, मी एकवीसची,
जिंतूरच्या टेलिफोन एक्सचेंजात रात्रपाळीला.
एक वाजला की बोर्डावरचे दिवे मिटायचे,
परभणीची लाइन घोरायला लागायची,
आणि मी हेडफोन गळ्यात उतरवून
अंक सतरावा उघडायची.

सतरावा, कारण जब्बारभाईंच्या वाचनालयातले पहिले सोळा
कुणीतरी नेले ते नेलेच.
त्यामुळे चौबळांच्या लोटलीकरचा डावा हात कसा गेला
हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं.
मी आपली गोळी समजून हळहळायची.
पुढं नांदेडच्या रद्दीत नववा अंक सापडला :
रसवंतीच्या चरकात गेला होता.

भाडं दिवसाला दहा पैसे.
पुस्तकाच्या पाठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
आणि दर दोन-तीन अंकांआड पान अकरावर
पेन्सिलीनं, सुबक अक्षरात : खुनी डॉक्टर.
किती शिव्या दिल्या मी त्या हाताला!
एकतिसाव्यात लिहिलं होतं : खुनी माळी.
शेवटच्या पानापर्यंत गेले. माळी नव्हताच.
तेव्हा कुठं उजेड पडला.
हा माणूस रहस्य फोडत नव्हता,
अकराव्या पानावर थांबून पैज लावत होता.

मग मीही खाली लिहायला लागले.
‘मुनीम नाही, भाचा. मुनिमाला हातमोजे परवडत नाहीत.’
पुस्तक फिरून आलं की उत्तर असायचं :
‘उन्हाळ्यात हातमोजे? भाचा येडा आहे का?’
नव्वदाव्या अंकापर्यंत तो एकोणीस, मी चोवीस.

पानांना फिनेलचा वास.
एकदा खुणेला कडब्याची काडी.
एकदा समासात वासराच्या डोसाचा हिशोब, खोडलेला.
चौबळांकडून एवढं तर शिकलेच होते.
एका रात्री जनावरांच्या दवाखान्याला ट्रंक कॉल आला,
पलीकडून आवाज : ‘एक मिनिट हं बाई, पान तेवढं संपू द्या.’
मी लाइन जोडून दिली. काही बोलले नाही.
चौबळसुद्धा संशयिताला
शेवटच्या प्रकरणापर्यंत चहाच पाजतात.

चौऱ्याण्णवनंतर पेन्सिल थांबली.
किनवटला बदली झाली म्हणे.
शेवटचं प्रकरण आमचं छापलंच नाही कुणी.

एकशे बाराव्यात चौबळ परभणीला आले.
भर मे महिना, आणि लेखकानं स्टेशनवर दाट धुकं सोडलं!
आठ दिवस अख्खं वाचनालय हसत होतं.
जब्बारभाई दुकानाबाहेर उपरण्यानं वारा घेत
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे,
‘जपून जा माय, लई धुकं पडलंय आज.’
ही गंमत किनवटला कळली असेल का,
एवढंच मनात यायचं.

आता बोर्ड नाही, एक्सचेंज नाही.
जब्बारभाईंच्या पोरानं जाताना दोन पोती दिली, मी कपाट घेतलं.
सगळे खुनी पाठ आहेत मला, त्यांच्या आयांच्या नावांसकट.
भाची विचारते, काहून वाचते गं मग?
मी तिला म्हणते, तू भाजी का खातेस रोज?
उत्तर बरोबर नाही, पण तेवढ्यात वाचायला वेळ मिळतो.

मोतीबिंदू काढायच्या आधीचं वर्षभर
मलाही मे महिन्यात धुकं दिसायचं.
तेव्हा लेखकाला मनातल्या मनात माफ केलं.

आणि चौबळ अजून बेचाळीसचाच.
मी त्रेसष्टची.
कधी अहो-जाहो सुटलं, कळलंही नाही.
तो पावसात गच्चीवर एकटा चढतो, सर्दी घेऊन उतरतो,
लोटलीकरला उगीच ओरडतो,
बायकांशी बोलताना अजून टोपी कुठं ठेवावी ते कळत नाही त्याला.

काल रात्री पुन्हा एकतिसावा काढला.
अकराव्या पानावर पेन्सिल पुसट झाली आहे,
नखानं चाचपली तर लागते.
अरे रंगनाथा, मागच्या दारानं जाऊ नकोस,
भाचा तिथंच उभा आहे.
जातोच तो.
मी पान उलटते.